गिरणगावातल्या ज्येष्ठांची जडणघडण कशी नोंदवावी

माणूस बालपणीच काय तो घडतो असं धरून मुलाखतीला बसलात, तर पुढची पन्नास वर्षं हातातून निसटतील. मुंबईच्या लालबाग-परळ या कापडगिरण्यांच्या भागात चाळीतलं घर, शाळा, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ, गिरणीतलं खातं, युनियन अशा प्रत्येक ठिकाणी माणूस नव्याने वागायला शिकत गेला.

आधी कागदावर चार रकाने आखा: वर्ष, वय, जागा, तिथली माणसं. साल आठवत नसेल तर १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाचा आधार घ्या. 'संपाआधी की नंतर? तेव्हा थोरली कितवीत होती?'

'तुम्ही कसे घडलात?' असं विचारू नका, पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'तिथे तुम्हाला काय हाक मारायचे?' हे विचारा. गावचा बाळ्या खात्यात बाळूभाऊ होतो, नातवंडं झाली की आजोबा. त्या त्या हाकेला काय शोभायचं, काय केलं की लोक नावं ठेवायचे, हे खोदून काढा. खरा ऐवज इथेच आहे.

गिरणीतली नोकरी सुटल्यानंतरच्या काळाला निम्मा वेळ द्या. गिरणीत साचे (यंत्रं) चालवणारा माणूस वॉचमनच्या गणवेशात उभा राहतो तेव्हा जुनी ओळख पुसली जात नाही, दोन्ही एकत्र नांदतात. गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बायकांशी वेगळं बोला.

तासाभराच्या दोन बैठका पुरतात. मुलगा-सून शेजारी असतील तर त्यांना रुचेल तेवढंच सांगितलं जातं, म्हणून एक बैठक एकांतात घ्या. दुसऱ्या वेळी रकाने वाचून दाखवा; चुकलेली सालं ते स्वतःच दुरुस्त करतात.