कोल्हापुरात रेडिओत येताय? मग आधी रेटिंग कसं चालतं ते समजून घ्या

रेडिओत काम करायचंय म्हणून जी पोरंपोरी विचारायला येतात त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, आरजे कसं व्हायचं. ऑडिशन कशी असते, माझा आवाज चालेल का, डेमो म्हणजे आवाजाचा रेकॉर्ड केलेला नमुना केवढा लागतो. ते सांगतोच खाली, पण कोणी विचारत नाही ते आधी सांगतो, म्हणजे स्टेशन ऐकतंय कोण, किती वेळ ऐकतंय आणि हे मोजतात कसं. कारण आत आल्यावर कुठलं गाणं कधी लागणार, तुम्हाला बोलायला तीस सेकंद मिळणार की दोन मिनिटं, तुमचा शो सकाळचा की रात्री अकराचा, हे सगळं शेवटी त्या मोजणीवरनं ठरतं आणि ती मोजणी बऱ्याचदा कोल्हापुरात झालेलीच नसते. मी आधी जाहिराती शेड्युल करायच्या टेबलवर होतो, नंतर प्रोग्रॅमिंगला आलो, त्यामुळे पैसे कुठनं येतात आणि गाणी कुठनं येतात हे दोन्ही जवळनं बघितलंय.

आपल्याकडं आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर आहे, टोमॅटो एफएम ९४.३ हे पुढारी समूहाचं म्हणजे इथलंच, आणि रेडिओ मिर्ची ९८.३, रेडिओ सिटी ही देशभर पसरलेली नेटवर्कं. हा फरक नवीन माणसानं नीट लक्षात ठेवावा. नेटवर्कच्या स्टेशनवर बरेच निर्णय मुंबईत बसलेली माणसं घेतात, इथल्या मालकाच्या स्टेशनवर तुम्ही थेट केबिनमध्ये जाऊन बोलू शकता, आणि आकाशवाणीचं गणितच वेगळं, तिथं जाहिरात हा एकमेव आधार नाही आणि त्यांचा श्रोता संशोधन विभाग स्वतःचाच आहे. खाजगी एफएमला शहराच्या लोकसंख्येवरनं दर्जा मिळतो, ए प्लस, ए, बी, सी, डी असा, आणि कोल्हापूर सी मध्ये येतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. आपल्याला वाटतं आपलं जगात भारी, पण जाहिरातीचे पैसे कुठं लावायचे ते ठरवणाऱ्या मुंबईतल्या मीडिया प्लॅनरच्या एक्सेल शीटमध्ये कोल्हापूर बरंच खाली असतं आणि हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं.

आता मोजणी. टॅम मीडिया रिसर्चनं २००७ मध्ये रॅम (रेडिओ ऑडियन्स मेझरमेंट) नावाची रेडिओची मोजणी सुरू केली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि नंतर कोलकाता अशा चार शहरांत. पद्धत डायरीची. निवडलेल्या माणसांना डायरी द्यायची, त्यात त्यांनी कुठलं स्टेशन, किती वाजल्यापासनं किती वाजेपर्यंत, घरी की गाडीत की दुकानात ऐकलं ते भरायचं. १२ वर्षांच्या पुढची माणसं, आणि एका शहरात पॅनल ४८० जणांचं. मुंबईएवढ्या शहराला ४८० माणसं! पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही, पण नमुना नीट निवडला असेल तर शहर केवढं मोठं आहे यानं फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो नमुन्यात माणसं किती आहेत यानं. ४८० पैकी १० टक्के लोक तुमचं स्टेशन ऐकतात असं आलं तर खरा आकडा साधारण सव्वासात ते पावणेतेराच्या मध्ये कुठंतरी आहे एवढंच ठामपणे म्हणता येतं. आणि त्यातल्या फक्त २५ ते ३४ वयाच्या बायका बाजूला काढल्या आणि त्या समजा साठच निघाल्या, तर तोच १० टक्क्यांचा आकडा अडीच ते साडेसतरा असा कुठंही असू शकतो. म्हणून या आठवड्यात आपण अर्ध्या टक्क्यानं वर गेलो म्हणून कोणी पेढे वाटायला लागलं तर तुम्ही शांत बसा, आणि अर्ध्या टक्क्यानं खाली आलो म्हणून कोणाचा शो बंद करायची भाषा सुरू झाली तर मात्र शांत बसू नका, हा हिशेब पुढं ठेवा.

इंग्लंडमध्ये राजार नावाची संस्था आहे, १९९२ पासनं, बीबीसी आणि खाजगी रेडिओवाले दोघांनी मिळून काढलेली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी मोजपट्टी एकच मान्य केली की निम्मी भांडणं मिटतात. तिथं सात दिवसांची डायरी असते, आकडे तिमाहीला येतात, पण लहान स्टेशनांचे आकडे सहा महिने किंवा वर्षभराचे एकत्र करून देतात, कारण लहान गावात तीन महिन्यांत पुरेशी माणसंच नमुन्यात येत नाहीत. कोल्हापूरसारख्या ठिकाणी उद्या मोजणी आली तर ती याच धर्तीवर यावी असं मला मनापासून वाटतं, आठवड्याच्या आकड्यांनी इथं नुसता गोंधळ होईल.

अमेरिकेत मोठ्या शहरांत मीटर आहे. आर्बिट्रॉन कंपनीनं आणलेला, २०१३ मध्ये ती कंपनी नील्सननं घेतली. स्टेशनच्या आवाजात माणसाच्या कानाला कळणार नाही असा कोड मिसळलेला असतो आणि पॅनलमधल्या माणसाच्या अंगावरचं छोटं यंत्र तो कोड टिपतं. लहान शहरांत तिथंही डायरीच आहे. आता बघा गंमत. डायरीत येतं ते माणसाला आठवलेलं, मीटरमध्ये येतं ते कानावर पडलेलं, मग ते न्हाव्याच्या दुकानात बसल्यावर का पडलेलं असेना. त्यामुळं जिथं डायरी किंवा दुसऱ्या दिवशी विचारायची पद्धत आहे तिथं स्टेशनचं नाव आणि फ्रिक्वेन्सी डोक्यात ठसली पाहिजे, नाहीतर माणूस ऐकतो तुमचं आणि लिहितो दुसऱ्याचं. आरजे प्रत्येक लिंकमध्ये, म्हणजे गाण्यांच्या मधल्या बोलण्यात, नाव का घेतो, गाण्याच्या आधी स्टेशनच्या नावाचं जिंगल का येतं, याचं मूळ इथं आहे. नवीन आरजेंना हे कंटाळवाणं वाटतं आणि ते नाव घाईत उरकून टाकतात. तसं करू नका, नाव स्वच्छ घ्या.

चार आकडे समजले की तुम्ही कुठल्याही मीटिंगमध्ये बसू शकता. समजायला सोपं म्हणून धरून चालू की मोजणीतली माणसं ५ लाख आहेत. सकाळी आठ ते सव्वाआठ या पाव तासात ६०,००० लोक कुठला ना कुठला रेडिओ ऐकतायत, त्यातले १५,००० तुमचं स्टेशन. तर तुमचं रेटिंग ३, कारण ५ लाखांतले १५,००० म्हणजे ३ टक्के. आणि शेअर २५, कारण ६०,००० मधले १५,००० म्हणजे पाव भाग. बघा, आकडा एकच पण क्लायंटला शेअर सांगितला की केवढं मोठं वाटतं, म्हणून सेल्सची मंडळी शेअरच सांगतात. तिसरा आकडा रीच, म्हणजे आठवड्यात एकदा तरी तुमच्याकडं आलेली वेगवेगळी माणसं, समजा १ लाख. चौथा म्हणजे एक माणूस किती वेळ थांबला. सकाळी सहा ते रात्री बारा म्हणजे दिवसाचे ७२ पाव तास, आठवड्याचे ५०४. सरासरी पाव तासाला ५,००० लोक असतील तर ५,००० गुणिले ५०४ भागिले १ लाख, उत्तर येतं २५.२ पाव तास, म्हणजे आठवड्याला माणशी सव्वासहा तासांच्या थोडं वर. मला विचाराल तर आपल्यासारख्या शहरात खरी लढाई या चौथ्या आकड्याची आहे. नवीन माणसं आणून आणून किती आणणार, शहर तेवढंच आहे, पण जो रोज कावळा नाक्यापासनं शिरोली एमआयडीसीपर्यंत जाताना ऐकतो त्यानं येतानाही लावलं तर सगळं चित्र बदलतं.

पाव तासाचा अजून एक नियम आहे जो परदेशात वर्षानुवर्षं चालत आला, पाव तासातली निदान पाच मिनिटं ऐकली तरच तो पाव तास तुमच्या नावावर (अमेरिकेत मीटरच्या शहरांत २०२५ पासनं ती तीन मिनिटं झाली, पण आपण पाचच धरू). म्हणजे एखाद्यानं ८.१० ते ८.२० ऐकलं तर दोन पाव तास मिळाले, आणि ८.१६ ते ८.२६ ऐकलं, तेवढीच दहा मिनिटं, तर एकच मिळाला. म्हणून जाणती स्टेशनं जाहिरातींचा ब्रेक बरोबर सव्वाला, साडेला टाकत नाहीत, ती वेळ गाण्यानं ओलांडतात आणि ब्रेक पाव तासाच्या पोटात ठेवतात. आणि गाण्याच्या आधी आरजेनं पुढं काय येणार याची उत्सुकता लावून ठेवायची असते, "पुढं खूप मजा आहे" असं मोघम नाही, नेमकं सांगायचं. मी शेड्युलिंगला होतो तेव्हा लॉगमध्ये, म्हणजे दिवसभरात कधी काय लागणार त्या तक्त्यात, ब्रेकची जागा दोन मिनिटं इकडं तिकडं झाली की प्रोग्रॅमिंगचे सिनियर का चिडायचे ते हे समजल्यावरच कळलं.

आता कोल्हापूरचं. इथं दर आठवड्याचं असं रेटिंग नाही. मीडिया रिसर्च युजर्स कौन्सिलचा आयआरएस म्हणजे इंडियन रीडरशिप सर्व्हे असायचा ज्यात वाचनाबरोबर रेडिओचेही प्रश्न असतात, पण त्याचा शेवटचा मोठा रिपोर्ट २०१९ चा आणि नंतर करोनात काम थांबलं. मग मधल्या काळात काय होतं तर मोठ्या शहरात जे चाललं ते आपल्याकडं येतं, आणि कोल्हापूरच्या माणसाचा दिवस मोठ्या शहरातल्यासारखा नसतो. इथं पहाटे दूध घालायला डेअरीवर जाणारा माणूस आहे, गोकुळ शिरगावात आणि शिरोलीत शिफ्टला जाणारा आहे, गुजरीतलं दुकान, इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदीची कामं, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या. सकाळी आठ ते अकरा हा एकच सोन्याचा वेळ असं गृहीत धरून चाललं तर पहाटेचा श्रोता कोणाच्याच हिशेबात येत नाही. शिवाय एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते, डोंगर मध्ये आला की गेली, त्यामुळं पन्हाळा, गगनबावड्याच्या अंगाला ऐकू येतं का हे कागदावर न बघता गाडीत बसून बघावं लागतं.

म्हणून इंटर्न म्हणून लागलात तर सर्व्हेचं काम मागून घ्या. कोणी हौसेनं करत नाही पण सगळ्यात जास्त शिकायला तिथंच मिळतं. स्टेशनचा टीशर्ट घालून जाऊ नका, समोरचा माणूस मन राखायला तुमचंच नाव घेतो, आपल्या भागातली माणसं प्रेमळ आहेत त्यात काही शंका नाही पण सर्व्हेला ते प्रेम चालत नाही. "आमचं स्टेशन ऐकता का?" असं विचारायचं नाही, "काल रेडिओ ऐकला का, किती वाजता, कुठं बसून, काय लागलं होतं?" असं विचारायचं. "रोज" नको, "काल" विचारा, रोजचं माणूस अंदाजानं सांगतो, कालचं आठवून सांगतो. आणि फक्त राजारामपुरी आणि कॉलेजच्या गेटवर उभं राहून परत येऊ नका. लक्ष्मीपुरी, उचगाव, कळंबा, घरात असणाऱ्या बायका, रिक्षा स्टँड, साठीच्या पुढची माणसं, सगळीकडं जा. ज्यानं रेडिओ ऐकला नाही त्याचाही फॉर्म भरायचा, हे बरेच जण विसरतात आणि मग टक्केवारीला काही अर्थ राहत नाही.

फोन आणि व्हॉट्सॲपवर विसंबू नका. फोन करणारी माणसं थोडी असतात आणि तीच तीच असतात, काही दिवसांत तुम्ही त्यांना आवाजावरनं ओळखायला लागता. ती फार लाडकी माणसं असतात, त्यांना जपा, पण ती म्हणजे सगळे श्रोते नव्हेत. ॲपवरच्या आकड्यांचंही तसंच, आकाशवाणीची दोनशेहून जास्त स्टेशनं न्यूजऑनएअर ॲपवर ऐकता येतात आणि सर्व्हरवर आकडा अचूक निघतो, पण तो ॲपवाल्यांचाच, ट्रॅक्टरवर रेडिओ लावलेल्याचा नाही.

इथला जाहिरातदार रेटिंग विचारतच नाही, तो विचारतो गिऱ्हाईक किती आलं. बरोबरच आहे त्याचं. त्यामुळे दहा सेकंदाच्या दराची घासाघीस करण्याआधी क्लायंटला सांगा की जाहिरातीत एखादी खूण ठेवू, "हे नाव सांगा आणि घडणावळीत सूट मिळवा" असं काहीतरी, आणि काउंटरवरच्या माणसाला वहीत नोंद करायला सांगा. तो वहीवाला माणूस तयार झाला तर पुढच्या वर्षीची ऑर्डर घ्यायला फार बोलावं लागत नाही.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत अख्ख्या जिल्ह्याचा एकच प्रश्न होता, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, पण प्रशासनानं दिलेली हवामानाची, रस्ते बंद असल्याची, आपत्तीची माहिती देता येते. ही हद्द तोंडपाठ ठेवा. लाइट नाही, मोबाइलची बॅटरी संपत आली, तेव्हा सेलवरचा रेडिओ चालतो, आणि अशा वेळी माणूस ज्या स्टेशनवर थांबतो त्याचं नाव तो पुढं कितीतरी दिवस विसरत नाही. कुठल्याही डायरीत हे येवो न येवो, माझ्यासाठी या कामाचं सगळ्यात मोठं मोल तेच आहे, त्यामुळं खात्री न केलेली एकही ओळ हवेत सोडू नका, "कोणीतरी म्हणालं" हे त्या दिवसांत चालत नाही.

आता डेमो. दोन-तीन मिनिटांचा पुरे, त्यात गाणी भरू नका, तुमच्या दोन लिंक, एक माहिती देणारी आणि एक गप्पांची. पुण्या-मुंबईच्या आरजेची नक्कल करू नका, आपला हेल थोडा राहिला तरी चालेल पण शब्द खाऊ नका. आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषकाची जाहिरात निघते, लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी असते, तिथं मराठी उच्चार आणि वाचन कडक तपासतात, तयारीसाठी रोज पेपर मोठ्यानं वाचा. शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, पदवी घेता आली तर चांगलंच, पण आरजेसाठी ती अट सगळीकडं नसते. सेल्स किंवा शेड्युलिंगमधनं आत यायची संधी मिळाली तर कमीपणा मानू नका.

इंटरव्ह्यूला गेलात की शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" असं म्हणतात, तेव्हा पगाराआधी हे विचारा की आपले श्रोते किती आहेत हे स्टेशन कशावरनं ठरवतं, शेवटचा सर्व्हे कधी झाला, किती माणसांचा, आणि कुठल्या भागात. उत्तर नीट आलं तर तिथं शिकायला मिळेल. उत्तर आलं नाही तरी नोकरी चांगली असेल तर घ्या, आणि जमेल तसा पहिला सर्व्हे तुम्हीच सुरू करा.