प्रिसिजन मेडिसिनच्या (पेशंटचे जीन्स वगैरे बघून उपचार ठरवण्याच्या) रिसर्चला पायलट फंडिंग मागताना

पायलट ग्रँट म्हणजे छोटी रक्कम, थोडा वेळ, आणि त्यातून एकच गोष्ट हवी असते, मोठ्या ग्रँटच्या अर्जाला जोडता येईल असा प्राथमिक डेटा. म्हणून प्रश्न एकदम नेमका घ्या. "हृदयरोगात जीन्सचा रोल" असलं मोघम नको, त्यापेक्षा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते औषध) चालू करायच्या पेशंटचा सीवायपी२सी१९ या जीनचा रिपोर्ट डॉक्टरच्या हातात वेळेत पोचतो का हे तपासू असं लिहा, कारण ते औषध शरीरात अॅक्टिव्ह व्हायला या जीनपासून बनणारं एन्झाइम लागतं आणि रिव्ह्यूअरला मुद्दा लगेच कळतो.

सगळ्यात जास्त डोकं सँपलवर लावा. बायोबँकेत साठवलेले मिळाले तर सोन्याहून पिवळं, पण पेशंटने दिलेल्या संमतीपत्रात जेनेटिक टेस्टिंगची परवानगी आहे का ते स्वतः वाचा. एथिक्स कमिटीचा अर्जही पैसे मंजूर व्हायची वाट न बघता टाका, नाहीतर ग्रँटचे महिने तिथेच जातात.

बजेटमध्ये सिक्वेन्सिंगचा (डीएनए वाचण्याचा) खर्च सगळे धरतात, डेटा अॅनालिसिस करणाऱ्याचा पगार राहून जातो. सँपल साइज लहान चालतो, पण तेवढाच का ते स्टॅटिस्टिशियनकडून लिहून घ्या. आणि हा डेटा पुढे कुठल्या ग्रँटला लावणार, ते नावासकट टाका.