स्टिरॉइड चालू असताना भुकेचं आणि सुजेचं मी काय केलं

मला ल्युपस आहे (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते), त्यासाठी प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू झाल्यावर सगळ्यात जास्त त्रास भुकेचा झाला, म्हणजे पोटभर जेवून तासाभरात परत डबे उघडायचे, आणि चेहरा सुजलेला, शुगरही वाढलेली. ही भूक औषधाची असते हो, घरच्यांनी प्लीज "किती खातेस" म्हणू नका.

मी भूक मारत बसले नाही, खायचं काय तेवढं बदललं. गोळी सकाळी नाश्त्यानंतरच, रिकाम्या पोटी नाही. नाश्त्याला मुगाचं धिरडं नाहीतर उसळ, प्रोटीनने पोट बराच वेळ भरलेलं राहतं. पोहे-साबुदाणा कमी केला, शुगर त्याने पटकन चढते. दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक (बिनमिठाचं, जिरेपूड टाकून).

मीठ हा खरा मुद्दा, कारण स्टिरॉइडमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं. पापड, लोणचं, फरसाण, सॉस बंद, आणि भाजीत मीठ अर्धं करून लिंबू, कोकम, लसूण वाढवलं, महिनाभरात जिभेला सवय झाली आणि पायाची सूज बरीच उतरली.

हाडांसाठी नाचणी, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, शिवाय दही आणि तिळाची चटणी. व्हिटॅमिन डी डॉक्टरांनी वेगळं दिलंय.

किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन, पोटॅशियम डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि वजन वाढतंय म्हणून गोळी मनाने अजिबात बंद करू नका, अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं, डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात.