कांदळवनातला चिखल, नायट्रोजन आणि जिवाणू: या चुका टाळा

ठाणे खाडीच्या कांदळवनात चिखलाचे नमुने घ्यायला दरवर्षी नवी मुलं उतरतात. प्रश्न बहुधा एकच असतो: सांडपाण्यातून आणि खतांतून येणाऱ्या नायट्रोजनने इथल्या जिवाणूंचं काय होतं? प्रश्न मोलाचा आहे. नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करून खाडीवरचा भार हलका करणारे हेच जिवाणू. म्हणून त्याच त्या चुका पाहिल्या की जीव तुटतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे फावड्याने चिखल उकरून पिशवीत भरणं. तिवराच्या मुळांशी पारदर्शक नळी खुपसा, अलगद वर काढा आणि निरखून बघा. वर काही मिलिमीटरचा तपकिरी थर, मग राखाडी, त्याखाली कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा काळा. मध्ये खेकड्याचं बीळ आलं, तर काळ्या चिखलातही बिळाभोवती तपकिरी कडा दिसते, कारण तिथवर ऑक्सिजन पोचलेला असतो. अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्यांना, म्हणजे नायट्रीकरण करणाऱ्यांना, ऑक्सिजन लागतो. नायट्रेटचा वायू करणारे, म्हणजे विनायट्रीकरण करणारे, ऑक्सिजन संपतो तिथे कामाला लागतात. दोघांची देवाणघेवाण याच बारीक सीमेवर चालते. चिखल कालवला की सीमाच गेली.

एका गटाने भर मे महिन्यात असाच चिखल पिशव्यांत भरून गाडीच्या डिकीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी मोजला. नायट्रेट भरपूर निघालं. ‘सांडपाण्यातून नायट्रेट येतं’ असं प्रबंधातलं प्रकरणही लिहून झालं. पण ताज्या सांडपाण्यात मुख्यतः अमोनियम असतं, त्यामुळे मला ते पटेना. त्यांना त्याच जागी परत पाठवलं. या वेळी नळीतून चिखल काढला, त्यातलं पाणी काठावरच गाळलं आणि बर्फात ठेवलं. नायट्रेट जवळजवळ नाहीच, अमोनियम मात्र भरपूर. आधीचं नायट्रेट पिशवीतच तयार झालं होतं. कालवताना हवा मिसळली आणि उकाड्याने उरलेलं काम केलं. अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. गाळण्याची दहा मिनिटं वाचवायला जाल, तर महिने घालवाल.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे: चिखलातून डीएनए काढायचा, विनायट्रीकरणाची जनुकं मोजायची आणि ‘प्रदूषणाने विनायट्रीकरण वाढलं’ असं ठोकून द्यायचं. जनुक असणं म्हणजे काम चालू असणं नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या खाऱ्या दलदलीत नायट्रोजन घालून केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकूण जिवाणू समूहात फरक पडला नव्हता. पण सुप्त प्रकारांचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेलं आणि जागे राहिलेल्यांतली विविधता घटली. नुसता डीएनए पाहणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसलं नसतं. म्हणून मी आरएनएसाठीचा (जिवाणू कामात असताना बनणारा रेणू) तुकडा जागेवरच संरक्षक द्रावणात टाकते आणि विनायट्रीकरणाचा वेग नायट्रोजन-१५ (माग काढता येणारा जड नायट्रोजन) घालून वेगळा मोजते. डीएनए काढायचं किट महाग आहे म्हणून निष्कर्ष खरा होत नाही.

नायट्रेट नाहीसं झालं म्हणजे नायट्रोजन गेला, असं धरू नका. सेंद्रिय गाळ भरपूर आणि नायट्रेट कमी असलं की काही जिवाणू त्याचं पुन्हा अमोनियम करतात. भार खाडीतच राहतो.

ॲसिटिलीन वापरून विनायट्रीकरण मोजाल, तर तो वायू नायट्रीकरणही थांबवतो हे लक्षात ठेवा. चिखलातच तयार होणाऱ्या नायट्रेटवर चालणारं काम त्या आकड्यात येत नाही.

विनायट्रीकरणात मध्येच तयार होणारा नायट्रस ऑक्साइड वायू मोजायचं टाळू नका. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे, आणि सल्फाइड (काळ्या चिखलाचा कुजका वास याचाच) साचलं की त्याचा नायट्रोजन वायू होण्याची शेवटची पायरी अडते.

मे महिन्यातला नमुना ऑगस्टमधल्या नमुन्याशी थेट ताडू नका. पावसात खारेपणा उतरतो आणि वरून येणारं पाणीही बदलतं. भरती-ओहोटीची वेळ प्रत्येक नळीवर लिहा. वहीत नंतर लिहू म्हणणाऱ्यांच्या नळ्यांवर ती सहसा सापडत नाही.