पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडताय? या चुका टाळा

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की नाल्यापासून चारी काढायची आणि गढूळ पाणी थेट बोअरच्या तोंडात सोडायचं, हे खानदेशात सर्रास दिसतं. बोअर गटागटा पाणी घेतो, बघणाऱ्याला समाधान वाटतं. पण त्या पाण्याबरोबर काळीचा बारीक गाळ खडकाच्या भेगांत जाऊन बसतो आणि काही पावसाळ्यांत बोअर पाणी घेईनासा होतो, मग देईनासाही. कॉम्प्रेसरने फ्लशिंग केलं तरी नळीतला गाळ निघतो, भेगांत खोल शिरलेला निघत नाही. पुनर्भरणातली सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच.

कोणतं पाणी घ्यायचं

सुरुवात छताच्या पाण्याने करा. 100 चौरस मीटर पत्र्यावर किंवा स्लॅबवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होतं. पावसाळ्यात 600 मिलिमीटर पाऊस झाला आणि वाया जाणारं 20 टक्के सोडलं, तरी 48,000 लिटर हाती येतं. धाब्याच्या घराचं पाणी मात्र जोडू नका. त्याच्या छतावरची पांढरी माती प्रत्येक सरीबरोबर थोडी थोडी वाहते.

पत्र्याचं पाणीसुद्धा पहिल्या पावसाला घ्यायचं नाही. उन्हाळाभराची धूळ, पाखरांची घाण, पाचोळा त्यात असतो. पहिले 2 मिलिमीटर, म्हणजे वरच्या छतासाठी एक 200 लिटरचा ड्रम, बाहेर काढा. त्यासाठी पन्हळीच्या उतरत्या पाइपला टी आणि बूच बसवलं की काम भागतं. पाइपात कंजूषी नको: एवढ्या छताला 4 इंची दोन पाइप लागतात. एकच लावला तर जोराच्या पावसात पन्हळ भरून सगळं पाणी भिंतीवर सांडतं.

केळी आणि कापसाच्या वावरातून वाहणारं पाणी बोअरमध्ये अजिबात नको. त्यात खतं आणि फवारणीची औषधं असतात, आणि शेजारच्या वस्तीच्या पिण्याचा बोअर बहुधा त्याच थरावर चालतो. ते पाणी चर, बांध किंवा शेततळ्यात अडवा, मातीतून गाळून हळूहळू खाली जाऊ द्या.

बोअर पाणी घेतो का, हे आधी पाहा

पाणी गाळून आत सोडायला बोअरभोवती खड्डा घेतात. त्यावर खर्च करण्याआधी ही चाचणी करा. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, मग 500 लिटर स्वच्छ पाणी ओता. 6 इंची बोअरमध्ये 1 मीटर उंचीत साधारण 18 लिटर पाणी मावतं. म्हणजे बोअर काहीच घेत नसेल तर पातळी सुमारे 27 मीटर चढेल. तासाभराने पुन्हा मोजा. पातळी जवळपास जागच्या जागी असेल तर त्या बोअरवर खड्डा बांधू नका.

खड्डा कुठे चुकतो

हा खड्डा 2 × 2 × 2 मीटरचा घेतात. त्याआधी मोटार बाहेर काढा. केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपला, छिद्रं पाडायची ती फक्त खड्ड्याच्या तळाच्या 60 सेंटिमीटरमध्ये. अनेक ठिकाणी वरपर्यंत छिद्रं पाडतात, मग पाणी वाळूतून न गाळता वरच्या छिद्रांतूनच आत जातं आणि फिल्टर नावापुरता उरतो. छिद्रांच्या भागावर नायलॉन जाळी दोन पदरी गुंडाळा. केसिंगचं तोंड खड्ड्याच्या वर राहू द्या आणि टोपी घट्ट बसवा.

तळापासून वर असा क्रम ठेवा: 60 सेंटिमीटर मोठे दगड, 40 सेंटिमीटर जाड खडी, 30 सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर नायलॉन जाळी, आणि 25 सेंटिमीटर जाड वाळू. वरचे 45 सेंटिमीटर मोकळे. जाळी विसरली की वाळू खडीत उतरते. खडी, वाळू धुतल्याशिवाय भरली तर फिल्टरच पहिला गाळ सोडतो, आणि नंतर लोक पावसाला दोष देतात. खड्ड्याआधी 1 मीटरची गाळ बसायची टाकी घ्या आणि जादा पाणी निघून जायला वरून वाट ठेवा. शोषखड्डा किंवा संडासाची टाकी किमान 15 मीटर लांब हवी.

जमीन ओळखली नाही तर

खानदेशात जमीन फार बदलते. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात, रावेर-यावल-चोपड्याकडे, चिकणमातीचे जाड थर असतात. तिथे बोअर सोडून वेगळा उथळ शोषखड्डा घेतला तर पाणी तिथेच उभं राहतं. साक्री-नंदुरबारच्या बाजूला जमिनीखाली डाइक आहेत, म्हणजे भिंतीसारखे उभे कठीण काळे पाषाण. त्या भिंतीच्या एका अंगाला मुरवलेलं पाणी दुसऱ्या अंगाच्या बोअरला सहसा पोहोचत नाही. अशा वेळी पाणी वाया जात नाही, फक्त ते शेजाऱ्याच्या विहिरीला मिळतं. मुरूम आणि त्याखालचा मांजऱ्या, म्हणजे मऊ, छिद्राळ, खडक जिथे लागतो, तिथे पुनर्भरणाला उत्तम जागा. जवळच्या विहिरीच्या कडा पाहिल्या की हे थर स्पष्ट दिसतात.

पाणी नाही म्हणून बोअर आणखी खोल न्यायचा, हाही चुकीचा हिशेब आहे. इथल्या काळ्या खडकात पाणी बहुतेक वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरांत असतं. खोल गेल्याने पैसा जातो, पाणी वाढेलच असं नाही. 60 मीटरहून खोल बोअरवर राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याची बंधनंही आहेत.

पाणी बिघडलं तर काय पाहायचं

खड्ड्यात पाणी 24 तासांहून जास्त उभं राहिलं तर वाळूचा वरचा 5 सेंटिमीटर थर बदला. तरीही उतरलं नाही तर जाळी बुजली आहे. मोटार सुरू केल्यावर गढूळ पाणी आलं तर केसिंगची छिद्रं वर पडली आहेत किंवा जाळी फाटली आहे. दुरुस्ती होईपर्यंत पावसाच्या पाइपची जोडणी बंद ठेवा. पाण्याला वास आला तर आधी शोषखड्ड्याचं अंतर पाहा, आणि पिण्यासाठी ते पाणी वापरू नका. तपासणी होईपर्यंत दुसऱ्या स्रोताचंच पाणी प्या.

आखाजीनंतर, रोहिणी लागायच्या आत, वाळू बाहेर काढून धुवा, पन्हळ झाडा आणि ड्रमचं बूच तपासा. पोळ्याच्या सुमारास गाळ बसायची टाकी एकदा उपसा.