विवाहपूर्व करार करावा का, आणि करायचा तर कसा

दोघांपैकी एकाच्या नावावर लग्नाआधीच घर, धंदा किंवा मोठे कर्ज असेल, कुणाला आधीच्या लग्नाची मुले असतील, किंवा लग्नानंतर एकजण नोकरी सोडणार असेल, तर विवाहपूर्व करार, म्हणजे लग्न मोडल्यास मालमत्ता आणि कर्जे यांची वाटणी कशी होईल हे लग्नाआधीच लिहून ठेवणारा करार, करावा असे माझे स्पष्ट मत आहे. दोघेही नुकतेच कमवू लागले असतील, नावावर फारसे काही नसेल आणि डोक्यावर कर्जही नसेल, तर त्याची घाई नाही. हा करार म्हणजे श्रीमंत जोडीदाराची तटबंदी, हा समज इतका रुजला आहे की ज्याला संरक्षणाची खरी गरज असते, म्हणजे घर आणि मुले सांभाळण्यासाठी स्वतःची कमाई सोडणाऱ्याला, तोच जोडीदार कराराचे नाव काढताच दुखावतो. नीट लिहिलेला करार त्याच्याच बाजूने सर्वांत जास्त बोलू शकतो.

सर्वप्रथम आपल्याला लागू होणाऱ्या कायद्यात अशा कराराला काय स्थान आहे ते वकिलाकडून समजून घ्यावे, कारण देशागणिक उत्तर बदलते. जर्मनीत नोटरीकडे नोंदवल्याशिवाय तो वैध ठरत नाही. इंग्लंडमध्ये तो आपोआप बंधनकारक नसतो. मात्र दोघांनी स्वेच्छेने आणि परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून केलेला करार, तो पाळायला लावणे अन्यायाचे होणार नसेल तर, न्यायालयाने मानावा, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. भारतात गोव्याचा स्वतंत्र नागरी कायदा असे करार मान्य करतो; इतरत्र त्यांना स्पष्ट वैधानिक आधार नाही आणि १८७२ च्या करार कायद्यातील कलम २३ नुसार, लोकधोरणाविरुद्ध, म्हणजे समाजाच्या हिताला बाधक, आहे म्हणून न्यायालय असा करार बाजूला ठेवू शकते.

त्यानंतर वकिलाच्या दारात जाण्यापूर्वी दोघांनी समोरासमोर बसून आपापली यादी लिहावी: खाती, ठेवी, शेअर, विमा, घर, जमीन, धंद्यातील हिस्सा, आणि त्याच कागदावर सगळी कर्जे, अगदी दुसऱ्यासाठी जामीन राहिलेली रक्कमसुद्धा. जामीनकी लोक हमखास विसरतात, कारण तो पैसा आपण घेतलेला नसतो. मालमत्ता लपवून केलेला करार पुढे न्यायालयात टिकणे कठीण असते. आणि लपवाछपवी उघड झाली की कागदापेक्षा माणसावरचा विश्वास आधी जातो.

यादीतील सगळ्यांत किचकट बाब बहुधा घराची असते. समजा एकाने लग्नाच्या चार वर्षे आधी वीस वर्षांच्या कर्जावर घर घेतले. घर त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, पण उरलेल्या सोळा वर्षांचे हप्ते लग्नानंतर फिटणार आहेत. हप्ता एकाच्या पगारातून जातो आणि घरखर्च दुसऱ्याच्या पगारातून भागतो, म्हणजे दुसऱ्याच्या खर्चामुळेच पहिल्याला हप्ता भरता येतो. मग घरात दुसऱ्याचा वाटा किती? आणि मधल्या काळात वाढलेली किंमत कुणाची? ‘घर ज्याच्या नावावर, त्याचेच राहील’ असे एका ओळीचे कलम इथे अन्यायाचे ठरते. लग्नाच्या दिवशी घराची किंमत किती आणि कर्ज किती बाकी होते हे लिहावे, आणि त्यानंतर फेडलेल्या मुद्दलात व वाढलेल्या किमतीत कुणाचा किती वाटा राहील हे ठरवावे. जो नोकरी सोडणार आहे त्याचा वाटा वर्षागणिक वाढत जाईल, असेही कलम घालता येते, आणि ते घालावेच.

मुलांचा ताबा आणि त्यांचे पालनपोषण मात्र या कागदावर ठरवू नये. मुलांचे हित त्या त्या वेळी न्यायालय पाहते. जन्माला न आलेल्या मुलाचा हक्क आईवडिलांना सही करून सोडता येत नाही. घरकाम, वजन किंवा सासरच्या भेटीगाठी यांबद्दलची कलमेही टाळावीत. ती कराराचे गांभीर्य घालवतात.

दोघांचे वकील वेगळे असावेत, आणि सही लग्नाच्या बरीच आधी व्हावी. मी तीन महिने सुचवेन. ऑस्ट्रेलियातील एका प्रकरणात २००७ साली वधूने लग्नाला अवघे चार दिवस उरले असताना सही केली. ती परदेशातून आलेली होती, तिचे आईवडील लग्नासाठी येऊन पोचले होते, आणि सही नाही तर लग्न नाही, असे वराने बजावले होते. तिच्या स्वतःच्या वकिलाने सही करू नये असा सल्ला दिला असतानाही तिने ती केली, कारण तिला माघारी वाट उरली नव्हती. तो करार, आणि लग्नानंतर तशाच आशयाचा करून घेतलेला दुसरा करारही, तिथल्या उच्चतम न्यायालयाने २०१७ साली रद्द ठरवला. कॅलिफोर्नियात तर अंतिम मसुदा हाती आल्यापासून सही करेपर्यंत किमान सात दिवस जावे लागतात. तुमच्या कायद्यात अशी अट नसली तरी ती स्वतःवर घालून घ्यावी, आणि मसुदा कोणत्या तारखेला मिळाला हे करारातच लिहून ठेवावे. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कुणी असा कागद पुढे केला, तर सही करू नये.

विषय कसा काढायचा, हा प्रश्न उरतो. जोडीदाराला तयार मसुदा कधीही देऊ नये. ‘आपल्यापैकी एकाची नोकरी सुटली तर आपण काय करू?’ इथून बोलणे सुरू करावे. उत्तरे जुळू लागली की ती लिहून काढणे दोघांनाही जड जात नाही. आणि ती जुळतच नसतील, तर ते लग्नाआधी कळलेले बरे.

सही झाल्यावर मूळ प्रती दोघांकडे एकेक असाव्यात आणि मालमत्तेची यादी करारालाच जोडलेली असावी. मूल झाल्यावर, देश बदलल्यावर किंवा धंदा विकल्यावर करार पुन्हा वाचावा, आणि बदल हवा असल्यास तोंडी न ठरवता पुन्हा वेगवेगळ्या वकिलांमार्फत पुरवणी करार करावा. मृत्युपत्रही त्याच वेळी तपासावे, म्हणजे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलणार नाहीत.