पडदा सारखा उघडमीट करत होता, तो असा थांबवला

दहिसरला आईची खोली पश्चिमेकडे आहे. दुपारी तीननंतर ऊन थेट पलंगावर येतं, आणि गुडघ्यांमुळे तिला दर वेळी उठून पडदा ओढणं जमत नाही. म्हणून पडदा आपोआप सरकावा यासाठी लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालवणारं सर्किट) आणि १२ व्होल्टची गिअर मोटर आणली. एलडीआरला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला की बोर्डाला उजेडानुसार ० ते १०२३ मधला आकडा मिळतो; उजेड जास्त, तर आकडा मोठा. ८०० च्या वर गेला की पडदा बंद, एवढं सोपं.

पण पडदा बंद झाला की लगेच उघडायचा, परत बंद व्हायचा. दोन दिवस मी कोड तपासत बसलो. शेवटी आईच म्हणाली, "अरे, तुझा तो डोळा पडद्याच्या आतल्या बाजूला आहे ना? पडदा लागला की त्याला अंधारच दिसणार." अगदी बरोबर! सेन्सर काचेला, पडद्यामागे चिकटवला.

मग ढगांचा त्रास: ढग आला-गेला की पडदा पुन्हा उघडमीट. त्यासाठी दोन मर्यादा ठेवल्या: ८०० च्या वर बंद, ६०० च्या खाली उघड, आणि आकडा सलग दोन मिनिटं टिकला तरच मोटर हलते. मोटरला वेगळा अ‍ॅडॅप्टर दिला, फक्त दोन्हींचा ग्राउंड (निगेटिव्ह वायर) एकत्र जोडला. नाहीतर मोटर सुरू होताना बोर्ड रीसेट व्हायचा. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (पडदा टोकाला पोचला हे कळवणारं बटण, म्हणजे मोटर थांबते) मात्र लावाच, नाहीतर दोरी तुटते.

आता आई दुपारी निवांत झोपते.